भर उन्हात सोलर बंद का पडतं?

प्रश्न : आमच्या घरावर मागच्या वर्षी सरकारी योजनेतून ३ किलोवॉटचं सोलर बसवलं. बिल जवळजवळ शून्यावर आलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मे महिन्यात दुपारी वारावावधान सुटलं की लाइट जाते, आणि डोक्यावर लख्ख ऊन असूनही सोलर बंद पडतं. तेव्हा पंखे चालवतो तो जिन्याखालचा जुना इन्व्हर्टरच! बसवणारा म्हणतो, "हायब्रिड घ्यायला हवा होता, बॅटरीसकट." हल्ली बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच डब्यात असलेलेही मिळतात म्हणे. हा काय प्रकार आहे? वीज बनवणाऱ्या यंत्रालाच वीज का लागते?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात नेमका आहे, तिथूनच धरू. लाइट जाते तेव्हा छतावरची पॅनेल बंद पडलेली नसतात. सहा पॅनेल ओळीने जोडलेली असतील, तर त्यांच्या वायरींवर त्या वेळीही अडीचशे ते तीनशे व्होल्ट डीसी असतोच. तेव्हा "लाइट नाहीये ना" म्हणून त्या वायरींना हात लावायला जाऊ नका. बंद होतो तो भिंतीवरचा इन्व्हर्टर, आणि तोही बिघडून नव्हे, ठरवून.

तुमच्याकडचा इन्व्हर्टर ग्रिड-टाय जातीचा आहे. पॅनेलकडून आलेली एका दिशेची वीज तो सेकंदाला ५० आवर्तनं करणाऱ्या विजेत बदलतो. पण आवर्तन कुठल्या क्षणी सुरू करायचं आणि दाब किती ठेवायचा, हे त्याच्या हातात नाही. महावितरणच्या तारेवर चाललेली लाट तो सतत वाचत असतो आणि तिच्या ठेक्यावर आपला प्रवाह तारेत ढकलत असतो. भजनात पखवाज चालू आहे तोवर टाळकऱ्याला लय शोधावी लागत नाही. पखवाज थांबला की टाळ आवरायचे. तुमचा इन्व्हर्टर टाळकरी आहे.

तो थांबतो, कारण त्याने थांबलंच पाहिजे असा नियम आहे, आणि त्या नियमामागे माणसाचा जीव आहे. समजा तुमच्या गल्लीची लाइन तुटली आणि वायरमन डीपीचं हँडल पाडायच्या आधीच तारेजवळ गेला. तुमचा इन्व्हर्टर तशातही चालू राहिला, तर तुमच्या घरातले २३० व्होल्ट डीपीच्या ट्रान्स्फॉर्मरमधून उलटे जाऊन वरच्या बाजूला ११ हजार होऊ शकतात. ट्रान्स्फॉर्मरला सुलट-उलट कळत नाही. दुसरी भीती लाइन परत येते त्या क्षणाची. इतका वेळ तुमचा इन्व्हर्टर आपल्याच तालावर चालला असेल आणि ग्रिडची लाट नेमकी उलट्या टोकाला असताना येऊन भिडली, तर तो धक्का इन्व्हर्टरला, कदाचित फ्रिजलाही झेपणार नाही. अमेरिकेच्या आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १५४७ क्रमांकाच्या मानकानुसार ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टरने २ सेकंदांच्या आत बाजूला व्हायचं असतं. आपल्याकडेही ग्रिडला जोडलेल्या सोलरला हे संरक्षण सक्तीचं आहे.

ग्रिड गेलंय हे त्याला कळतं कसं, ही यातली खरी गमतीची गोष्ट. तार नुसती मेली तर सोपं आहे. पण दुपारी तुमची पॅनेल जितकी वीज देताहेत नेमकी तितकीच आसपासची घरं वापरत असतील, तर लाइन तुटल्यावरही व्होल्टेज काही काळ टिकून राहू शकतं, आणि इन्व्हर्टरला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून बरेच इन्व्हर्टर गप्प बसून पाहत नाहीत, ते सारखी खोडी काढून बघतात. आपल्या लाटेची वारंवारता ते किंचित पुढे-मागे रेटतात. समोर खरं ग्रिड असेल तर देशभरच्या जनित्रांपुढे या ढकलण्याची काय मातब्बरी? लाट ५०लाच राहते. ग्रिड नसेल तर मात्र ती रेटल्या दिशेला सरकते, आणखी सरकते, मर्यादेबाहेर जाते, आणि मग आतला रिले खट्‌कन सुटतो. तुम्ही ऐकता तो हाच आवाज.

आता कुणी म्हणेल, मग घर ग्रिडपासून तोडा आणि पॅनेलवरच चालवा, दुपार तर आपलीच आहे. इथे दुसरी अडचण येते. बॅटरीकडून क्षणभर चौपट प्रवाह मागा, ती देते. पॅनेल देत नाही. त्याच्या तारा एकमेकींना टेकवून शॉर्ट केल्या तरी रोजच्या चालत्या प्रवाहापेक्षा थोडाच जास्त प्रवाह निघतो, कारण ऊन जितकं पडतंय त्यापलीकडे त्याच्याकडे काही नाही. आणि जुन्या पद्धतीचा फ्रिज सुरू होताना त्याचा कॉम्प्रेसर चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट खेचतो. ढगाचा तुकडा सूर्यावर आला आणि त्याच वेळी फ्रिजने उचल खाल्ली की व्होल्टेज कोसळलंच. जर्मनीच्या एसएमए कंपनीने अमेरिकेसाठीच्या काही इन्व्हर्टरांत बॅटरीशिवाय दिवसा चालणारं एक वेगळं सॉकेट दिलं होतं, साधारण १५०० वॉटपर्यंतचं. ते मुद्दाम घरच्या वायरिंगपासून अलग ठेवलेलं असतं. मोबाइल, लॅपटॉप, एखादा पंखा यांना ठीक. घर त्यावर चालत नाही.

म्हणजे तुमच्या सोलरकडे दोन गोष्टी नाहीत : स्वतः लय धरायची मुभा, आणि ती मुभा निभावायला लागणारा साठा. जिन्याखालच्या जुन्या इन्व्हर्टरकडे या दोन्ही आहेत. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत जो शिरला, तोच हा. तुम्ही त्याला जुना म्हणताय, पण त्याची रचना मला अजूनही आवडते. बॅटरीचे १२ व्होल्ट काही मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, आलटून-पालटून उघड-मीट करून लोखंडी ट्रान्स्फॉर्मरला देतात, तिथून २३० बाहेर पडतात. लाइट आली की तोच ट्रान्स्फॉर्मर उलटा चालतो, तेच मॉसफेट चार्जर होतात आणि बॅटरी भरू लागते. एकाच सामानात दोन कामं. यंत्र आणि साठा यांची जोडी इथे आधीच जमलेली आहे. (जुन्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर पंखा घुंई करायचा, तो त्या लाटेतल्या जास्तीच्या वारंवारतांमुळे. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर तो प्रश्न राहत नाही.)

त्याची खोट १२ या आकड्यात आहे. १००० वॉट हवे असतील तर १२ व्होल्टला ८३ अँपिअर, आणि नुकसान धरलं तर शंभराच्या घरात. म्हणून बॅटरीची केबल करंगळीएवढी जाड असते आणि तिचं टर्मिनल जरा सैल राहिलं की तापून काळं पडतं. हेच काम ५१ व्होल्टच्या बॅटरीवर केलं तर २० अँपिअर पुरतात. तारेतलं नुकसान प्रवाहाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे त्याच केबलमध्ये ते अठराव्या हिश्शावर येतं. घरगुती हायब्रिड इन्व्हर्टर बहुधा ४८ व्होल्टच्या वर्गातली बॅटरी मागतात, ते यासाठी.

आता एक साठा असा, जो तुमच्या आताच्या सोलर इन्व्हर्टरमध्येही आहे आणि ज्याबद्दल विक्रेता कधी बोलत नाही. पॅनेल सलग, संथ वीज देतात. घराच्या सिंगल फेज तारेत मात्र वीज ठोक्याठोक्याने जाते. लाट शून्यातून जाते त्या क्षणी शून्य, शिखरावर सरासरीच्या दुप्पट, आणि असं सेकंदाला १०० वेळा. मग लाट शून्यावर असताना पॅनेलची वीज जाते कुठे? इन्व्हर्टरच्या पोटातल्या कपॅसिटरमध्ये. पाचेक मिलिसेकंद ती तिथे थांबते आणि पुढच्या शिखराला बाहेर पडते. ३ किलोवॉटच्या इन्व्हर्टरला दर ठोक्याला साठवावी लागणारी ऊर्जा काढली तर ती साडेनऊ ज्यूल भरते. एक लिटर पाण्याची बाटली जमिनीवरून मीटरभर उचलायला लागते तेवढीच.

एवढ्याशा साठ्यासाठी डब्यातली बरीचशी जागा जाते, कारण नेहमीच्या मांडणीत ४०० व्होल्टवर बसलेल्या कपॅसिटरचा दाब फार हलू द्यायचा नसतो. दाब २० व्होल्टच्या आत हलायला हवा असं धरलं, तर कपॅसिटर सुमारे १२०० मायक्रोफॅरडचा लागतो. त्यात जवळजवळ १०० ज्यूल असतात आणि आपण वापरतो दहावा हिस्सा. बाकीचं भांडवल नुसतं बसून. त्यातून हे कपॅसिटर बहुधा इलेक्ट्रोलिटिक, आत द्रव असलेले. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा अंदाज अभियंते धरतात.

या डब्याच्या आकारावर गूगल आणि आयईईई यांनी २०१४मध्ये १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. स्पर्धेचं नाव लिटल बॉक्स चॅलेंज. २ किलोव्होल्ट-अँपिअरचा इन्व्हर्टर ४० घन इंचांच्या आत बसवायचा, आणि पॅनेलच्या बाजूला तो ठोका फारसा जाणवू द्यायचा नाही. अंतिम फेरीतले डबे अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत १०० तास चालवून पाहिले गेले. २०१६च्या फेब्रुवारीअखेर निकाल लागला आणि बेल्जियमच्या सीई प्लस टी पॉवर कंपनीचा संघ जिंकला. त्यांचा डबा जेमतेम १४ घन इंचांचा होता. एक युक्ती गॅलियम नायट्राइडच्या स्विचांची : सिलिकॉनपेक्षा ते कितीतरी भराभर उघडतात-मिटतात, त्यामुळे बाकीचे भाग लहान करता येतात. दुसरी युक्ती साठ्याची. मोठा कपॅसिटर शांत ठेवण्याऐवजी त्यांनी छोटे सिरॅमिक कपॅसिटर घेतले, त्यांचा दाब वेगळ्या सर्किटने भरपूर खाली-वर होऊ दिला आणि तो ठोका तिथेच जिरवला. भांडवल कमी, फिरवाफिरव जास्त. इन्व्हर्टरच्या रचनेत इतकी देखणी कल्पना मला तरी दुसरी सापडलेली नाही. घरगुती डब्यांत मात्र अजून नेहमीचे कपॅसिटरच जास्त दिसतात, कारण ते स्वस्त आहेत आणि भिंतीवर जागेचा तुटवडा नसतो.

हायब्रिडमध्ये हे सगळं एका ठिकाणी येतं. आत डीसीची एक सामायिक रेषा असते. पॅनेल तिच्यात वीज ओततात, बॅटरी तिच्यातून भरते आणि तिच्यातच रिकामी होते, आणि एका टोकाला एसी वीज बनवणारा स्विचांचा पूल असतो. ग्रिड आहे तोवर तो टाळकरीच. ग्रिड गेलं की रिले घराला बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि काही मिलिसेकंदांत तोच इन्व्हर्टर पखवाज हाती घेतो. आता लाट तो ठरवणार आणि फ्रिजची उचल बॅटरी सोसणार. वायरमनही सुरक्षित, कारण तुमची वीज उंबऱ्याबाहेर जातच नाही. अट एकच : बॅकअपचं वायरिंग वेगळं काढलेलं हवं. ते न काढता नुसता डबा बदलणाऱ्याला घरात घेऊ नका.

हेच मोठ्या प्रमाणावर दक्षिण ऑस्ट्रेलियात झालं. तिथे २८ सप्टेंबर २०१६ला वादळात अख्खं राज्य अंधारात गेलं. पुढच्या वर्षाच्या अखेरीस हॉर्न्सडेल इथे १०० मेगावॉटची बॅटरी उभी राहिली, आणि २०२२पासून तिचे इन्व्हर्टर फिरत्या जनित्रासारखी लय धरून ठेवण्याचं कामही करू लागले.

बॅटरी कुठली? लोह-फॉस्फेट लिथियम, जिला बाजारात एलएफपी म्हणतात. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून १९९७ साली हे रसायन पुढे आलं, आणि त्या शोधनिबंधावर पाधी आणि नंजुंडस्वामी ही भारतीय नावंही आहेत. एका सेलचा दाब ३.२ व्होल्ट, असे १६ जोडले की ५१.२, १०० अँपिअर-तासांची असली की साधारण ५ युनिट. तुमची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची टुब्युलर (शिसे-आम्ल) बॅटरी कागदावर १.८ युनिटची असते, पण तिला फार खाली नेलं की तिचं आयुष्य घटतं, म्हणून हाती लागतं जेमतेम एक युनिट. त्यात पन्नास-साठ किलो वजन आणि डिस्टिल्ड वॉटरची कटकट. लिथियमला पाणी नको, पण तिच्यासोबतचं बीएमएस हे राखणदार सर्किट हवंच. प्रत्येक सेलचा दाब आणि तापमान बघून ते वेळेला बॅटरी तोडतं. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बीएमएस यांचं एकमेकांशी बोलणं जुळतं का, हे विकत घेण्यापूर्वी लेखी विचारा. पुढची बहुतेक भांडणं यातूनच होतात, आणि तेव्हा इन्व्हर्टरवाला बॅटरीवाल्याकडे बोट दाखवतो.

एकाच डब्यातला संच घ्यावा की सुटे भाग? हे बोट दाखवणं टळतं, हा एका डब्याचा सगळ्यात मोठा फायदा. जाडजूड केबलही नाही, आणि वाटेत कुणाचा हात लागायला उघडं टर्मिनलही नाही. तोटा असा की इन्व्हर्टर काम करताना तापतो, बॅटरीला ताप सोसत नाही, आणि दोघांना शेजारी कोंडलंय. एक बिघडलं की दोन्ही दुरुस्तीला जातात. फ्लॅटमध्ये पंखे, दिवे, राउटर एवढ्यासाठी एक डबा उत्तम. तुमच्यासारख्या बंगल्याला, छतावर ३ किलोवॉट असताना, मी हायब्रिड आणि बॅटरी सुटे पण शेजारी-शेजारी लावेन.

आताचा सोलर इन्व्हर्टर टाकून द्यायची इच्छा नसेल तर आणखी एक वाट आहे. बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर घ्यायचा. लाइट गेली की घर तोडून तोच लय धरतो आणि तुमचा सोलर इन्व्हर्टर त्यालाच ग्रिड समजून पुन्हा सुरू होतो. बॅटरी भरत आली की हा नवा इन्व्हर्टर वारंवारता ५०वरून ५१-५२कडे नेतो; सोलर इन्व्हर्टरला वाटतं ग्रिडवर वीज जास्त झाली आणि तो मागे सरतो. दोन यंत्रांमध्ये संदेशाची वायर नाही, तरी निरोप पोचतो. पण ही करामत यासाठीच बनवलेल्या इन्व्हर्टरला जमते. जिन्याखालच्या इन्व्हर्टरचं आउटपुट सोलरला जोडून बघू असा सल्ला एखादा हुशार मिस्त्री देईल, त्याला चहा पाजून वाटेला लावा. उरलेली वीज त्या इन्व्हर्टरमध्ये उलटी घुसेल आणि तिला रोखायला तिथे काहीच नसेल.

क्षमतेचा हिशेब करताना खर्चाची घाई नको. रात्री आठ तास लाइट नाही असं धरा. चार बीएलडीसी पंखे १२० वॉट, दिवे ३०, राउटर १०. झाले सव्वा युनिट. फ्रिजचं अर्धं युनिट घाला, पावणेदोन झालं. ५ युनिटची बॅटरी यासाठी भरपूर, आणि दिवसा पॅनेल ती भरतात. साधे पंखे ७५ वॉटचे असतील तर बॅटरी वाढवण्याआधी पंखे बदला. पाण्याची अर्ध्या अश्वशक्तीची मोटर ३ किलोवॉटचा बरा हायब्रिड उचलेल, १ अश्वशक्तीची असेल तर चालवून दाखवायला सांगा. एसी आणि गीझर बॅकअपवर घालू नका. आणि बिल वाचवण्यासाठी बॅटरी घेताय असं स्वतःला सांगू नका. नेट मीटरमुळे बिलापुरतं ग्रिड हीच तुमची बॅटरी आहे. सूर्यघर योजनेचं ३ किलोवॉटला ७८ हजारांपर्यंतचं अनुदान सोलरला आहे. बॅटरीचे पैसे लाइट गेल्यावरच्या सोयीसाठी मोजायचे.

जागा उत्तरेच्या भिंतीची, सावलीतली, हवा खेळती असलेली निवडा. बार्शीच्या मे महिन्यात गच्चीवरची पत्र्याची खोली पन्नाशी ओलांडते. तिथे कपॅसिटरचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि साधारण ४५ अंशांच्या पुढे लिथियम बॅटरीचं बीएमएस चार्जिंगच रोखतं. जुन्या टुब्युलरमधलं शिसं मोलाचं असतं, त्यामुळे नवी बॅटरी घेताना दुकानदार ती बदल्यात घेईल. भंगारवाल्याला देऊ नका, तो उघड्यावर शिसं वितळवणाऱ्याकडे विकण्याचा धोका असतो; दुकानातच द्या आणि बिलावर तिची रक्कम वेगळी दाखवायला लावा.